घाटात बंद पडलेली गाडी

सह्याद्रीच्या घाटांत गाडी बंद पडण्याचा इतिहास घाटांतून गाडी चालू लागली तेव्हापासूनचा, म्हणजे जेमतेम दोनशे वर्षांचा आहे. त्याआधी कोकण आणि देश यांच्यामधला बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून जाई. वंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य लादून घाटवाटा चढत-उतरत. एखादा बैल लंगडला तर त्याची गोणी दुसऱ्या बैलांवर वाटून घालायची आणि तांडा पुढे काढायचा, एवढेच करावे लागे. चाक आल्यावर मात्र एक खीळ निसटली तरी सगळी खेप जागच्या जागी अडू लागली.

चाकांचे वाहन घाटवाटेवर आणले की काय होते, याचा मोठा नमुना १७७८-७९ च्या हिवाळ्यात दिसला. मुंबईहून पुण्यावर निघालेली इंग्रज फौज तोफा ओढत बोरघाट चढली. या चढाईत इतका वेळ गेला की मराठ्यांना जमवाजमव करायला भरपूर सवड मिळाली. तळेगावहून माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलून दिल्या आणि पुढे वडगावला त्यांना तह करावा लागला. या घाटातून गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला व्हायला १८३० साल उजाडले. तेव्हा सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे कुंभार्ली, आंबा, फोंडा, वरंधा असे एकेक घाट गाडीला मोकळे होत गेले.

रस्ता झाला तरी त्यावर चालण्याजोगी गाडी लगेच मिळाली नाही. देशावरची जुनी गाडी अवजड होती आणि तिची चाके भरीव, काही भागांत चक्क दगडी असत. १८३६ च्या सुमारास जमीनमोजणीच्या कामावर असलेल्या गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सोलापूरकडे टेंभुर्णीला हलक्या, आऱ्यांच्या चाकाच्या गाड्या बनवून घ्यायला सुरुवात केली. त्या धर्तीच्या गाड्या हळूहळू देशावर सगळीकडे पसरल्या. आज आपण जिला जुनी गावठी बैलगाडी म्हणतो, ती अशी इंग्रजी अमदानीत घडलेली आहे.

या गाडीचे बहुतेक दुखणे चाकाचे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव अशी चाकाची रचना असते. धाव तापवून बसवतात. गोवऱ्यांच्या गोल आगटीत ती लालसर होईतो तापवायची, दोघातिघांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची, घणाने ठोकून खाली बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. फसफसून वाफ निघते, लोखंड आकसते आणि लाकडाचे सगळे सांधे करकचून आवळले जातात. बिघाडाचे मूळही याच रचनेत आहे. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसते, पण लोखंड आकसत नाही. मग धाव सैल होते, आरे खुळखुळतात आणि खडीच्या चढावर धाव चाकावरून उतरते. गाडीवान त्यावर दोन इलाज करीत. फटीत बाभळीच्या चिपा ठोकायच्या, किंवा वाटेत नदी लागली तर चाक रात्रभर डोहात बुडवून ठेवायचे, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट होई. चाक अगदीच मोडले, तर त्या बाजूला एक जाड दांडके तिरपे बांधून गाडी फरपटत पुढच्या गावापर्यंत न्यायची.

पुढच्या गावी सुतार असे आणि लोहारही असे. ही गोष्ट साधी वाटते, पण बैलगाडीच्या काळातल्या सगळ्या दुरुस्तीचा आधार तीच होती. गाडी ज्या बाभळीची आणि सागाची बनलेली, ती झाडे रस्त्याच्या कडेला उभी असत. जो कारागीर गाडी घडवी, तोच ती दुरुस्त करी, आणि तसा कारागीर गावोगावी होता. गावच्या शेतकऱ्याची अवजारे तो बलुत्यावर नीट करून देई. परगावच्या गाडीवानाला मात्र रोख पैसे मोजावे लागत. गाड्या एकेकट्या न निघता रांगेने निघत आणि ठरलेल्या जागी रात्रीचा तळ टाकत. हडपसरचा गाडीतळ हे नाव त्या मुक्कामांची आठवण अजून सांगते. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली हा असाच मुक्काम होता. नाना फडणीसांनी बांधलेले तिथले तळे बैलांना आणि माणसांना सारखेच उपयोगी पडे. तिथून वर जाताना जड गाडीला पुढे जादा जोडी जुंपत, आणि उतरताना मागे लाकडाचा ओंडका बांधून गाडीचा वेग रोखत.

मोटार आली तेव्हा दुरुस्तीची ही सोय तुटली. बिघाड रस्त्यावर होई आणि त्याचा भाग विलायतेत किंवा अमेरिकेत असे. १९१४ मध्ये देशात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. पहिल्या महायुद्धानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत खाजगी 'सर्व्हिस मोटारी' धावू लागल्या. फोर्ड, शेव्हरोलेट यांच्या सांगाड्यांवर लाकडी बैठक बसवलेल्या या गाड्या माणसे, कोंबड्या आणि पोती एकत्रच नेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढल्यावर सुटे भाग थोडे जवळ आले. पण 'जवळ' म्हणजे मुंबई. वैभववाडीच्या किंवा पोलादपूरच्या रस्त्यावर मोडलेल्या गाडीला ती जवळीक फारशी कामाची नव्हती.

त्या काळच्या बिघाडांत पुष्कळ दोष चढाचे असत. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोल पंपाने न चढता टाकीतून आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरे आणि टाकी बैठकीखाली असे. तीव्र चढावर इंजिन टाकीपेक्षा वर जाई, पेट्रोल पोचत नसे आणि गाडी धापा टाकून थांबे. त्यावरचा जगभरचा इलाज म्हणजे गाडी वळवून रिव्हर्समध्ये उलटी चढवायची. नंतरच्या गाड्यांत पंप आला, पण एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटे. मग पंपावर ओले फडके गुंडाळून अर्धा तास सावलीत बसायचे. रेडिएटर उकळणे तर इतके ठरलेले होते की घाटांतल्या झऱ्यांच्या जागा ड्रायव्हरांना तोंडपाठ असत. पावसाळ्यात पाणी भरपूर मिळे, पण तेव्हा दरडी कोसळत.

टायर हा आणखी एक कायमचा त्रास. मराठीत सुट्या चाकाला स्टेपनी म्हणतात, तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास एक फालतू चाक विकायला काढले. फालतू म्हणजे जादा, हा आपला जुना अर्थ. त्या चाकाला आरे नसत. टायर चढवलेली ती एक नुसती धाव होती आणि पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ती आवळून गाडी पुढे काढता येई. पुढे मोटारींना पूर्ण सुटे चाक मिळू लागले आणि ती युक्ती जगभर विसरली गेली, पण तिचे नाव भारतात राहिले. स्टेपनीही फुटली तर टायरमध्ये पेंढा कोंबून गाडी सावकाश हाकायची, एवढाच मार्ग उरे.

भाग आणि बिघाड यांच्यातले हे अंतर भरून काढणारा माणूस म्हणजे क्लीनर. गावाकडच्या तोंडी त्याचा किन्नर झाला. हुद्द्याचे नाव पुसण्या-धुण्याचे, पण घाटात त्याचे पहिले काम चाकाला दगड लावायचे. गाडी चढावर अडखळली की ती पूर्ण थांबण्याआधी त्याने उडी मारलेली असे आणि फळकुट किंवा धोंडा मागच्या चाकाखाली सरकवलेला असे. या चपळाईला सबळ कारण होते. काही जुन्या ट्रकांत हातब्रेक मागच्या चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असे. चढावर जोर पडून एक्सल तुटला की शाफ्ट आणि चाके यांचा संबंधच संपे आणि हातब्रेक ओढून काही साधत नसे. पायाचा ब्रेक दाबून धरलेला ड्रायव्हर आणि मागे दगड घेऊन धावणारा किन्नर, एवढ्यावर दहा टन माल दरीच्या कडेला थांबलेला असे. हे काम बहुधा चौदा-पंधरा वर्षांची पोरे करीत. हळूहळू ती हँडल मारायला, मग पाना धरायला आणि शेवटी स्टिअरिंग धरायला शिकत. महाराष्ट्रातल्या जुन्या ड्रायव्हरांच्या कित्येक पिढ्या या शाळेतून बाहेर पडल्या. शाळा कडक होती, आणि तिच्यात मार खाणे गृहीत होते, हेही सांगायला हवे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले आणि बसगाड्या कोळशावर चालू लागल्या. गाडीच्या मागे पिंपासारखी भट्टी जोडलेली असे. तीत लाकडी कोळसा अर्धवट जाळून निघालेला वायू गाळण्यांतून इंजिनात नेत. सकाळी भट्टी पेटवून क्लीनर पंख्याचा दांडा बराच वेळ फिरवी, तेव्हा कुठे गाडी सुरू होई. या वायूवर इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटे. गाळण्या राखेने आणि डांबराने तुंबत. घाटाच्या पायथ्याशी उतारूंनी उतरायचे, बायका-पोरांनी चालायचे आणि बाप्यांनी ढकलायचे, हा नेहमीचा कार्यक्रम झाला होता.

स्वातंत्र्यानंतर बिघाडाची जबाबदारी पहिल्यांदा एका संस्थेकडे आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत खाजगी सर्व्हिस मोटारी प्रवासी वाहतुकीतून मागे पडल्या. एसटीने डेपो उभारले, डेपोत फिटर नेमले आणि मोठ्या कामासाठी दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा काढल्या. एकाच जातीच्या शेकडो गाड्या असल्यामुळे एकीचा भाग दुसरीला बसू लागला. सर्व्हिस मोटारीच्या मालकाला हे कधीच साधले नव्हते. त्याची प्रत्येक गाडी वेगळ्या सालची आणि वेगळ्या घराण्याची असे.

एसटी घाटात 'ब्रेकडाऊन' झाली की पुढचा क्रम ठरलेला असे. ड्रायव्हर बॉनेट उघडून स्वतः प्रयत्न करी. तो हरला की कंडक्टर समोरून येणाऱ्या गाडीला हात दाखवून तिच्या ड्रायव्हरकडे डेपोसाठी चिठ्ठी देई. चिठ्ठीत गाडीचा नंबर, जागा आणि दोष लिहिलेला असे. दोष नीट लिहिलेला नसला तर फिटर भलताच भाग घेऊन येई आणि आणखी चार तास जात. मधल्या वेळात मागून येणाऱ्या गाड्यांत उतारू त्याच तिकिटावर थोडे थोडे चढवून द्यायचे. आधी लेकुरवाळ्या बाया आणि म्हातारी माणसे, शेवटी तरणे. सर्वांत शेवटी कंडक्टर जाई. ड्रायव्हर मात्र गाडी सोडून हलत नसे. एखादी रात्र त्याला मागच्या बाकड्यावर काढावी लागे. जवळच्या वस्तीवरून कुणी भाकरी आणून दिली तर ठीक, नाहीतर पाणी पिऊन झोपायचे.

मालाच्या ट्रकांना डेपोचा आधार नव्हता. १९५४ मध्ये टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचा करार होऊन डिझेल ट्रक देशात बनू लागले आणि घाटांतल्या बिघाडांचे स्वरूप पालटले. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नाही, स्पार्क प्लग नाही, म्हणून पेट्रोलच्या गाडीची कितीतरी दुखणी गेली. त्यांच्या जागी एक नवे आले. त्याला ड्रायव्हर 'एअर धरणे' म्हणतात. टाकी रिकामी झाली किंवा नळीचा एखादा सांधा सैल झाला, की डिझेलबरोबर हवा शिरते. पंपाने दाब दिला तरी हवा नुसती दबते, डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. ही हवा हाताने काढता येई. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि पंपाचा छोटा दट्ट्या दाबत राहायचा. आधी पांढरा फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की दट्ट्या दाबून धरलेला असतानाच स्क्रू आवळायचा, नाहीतर हवा पुन्हा आत. मग नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून तसेच सैल करायचे. बोटांवर डिझेलचा गारवा आणि कान इंजिनाकडे, असे हे काम. अंधारात ते नुसत्या स्पर्शाने करणारे ड्रायव्हर होते.

एक्सल तुटण्यालाही ट्रकवाल्यांनी उत्तर शोधले होते. या ट्रकांचा भार चाकाच्या हबवर पेललेला असतो, एक्सल फक्त फिरवण्याचे काम करतो. त्यामुळे चाक न काढता, जॅकही न लावता हबवरचे नट सोडून तुटका दांडा बाहेर ओढता येतो. आत राहिलेला तुकडा तारेचा फासा करून काढायचा आणि नवा दांडा सरकवायचा. लांबचा ट्रक म्हणूनच एक सुटा एक्सल टपावर बांधून निघे. स्प्रिंगचा पाटा तुटला, तर चासी आणि एक्सल यांच्यामध्ये बाभळीचा ठोकळा घालून तो दोराने जखडायचा. इथे बैलगाडीतले लाकूड पुन्हा कामाला येई. टाकी गळू लागली तर चिरेत अंगाचा किंवा कपड्याचा साबण दाबून बसवत, कारण पेट्रोल-डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. रेडिएटरला बारीक छिद्र पडले तर त्यात हळदपूड टाकत. पाण्याबरोबर फिरणारी पूड छिद्रापाशी साचून फुगते आणि गळती कमी होते. गावात पोचल्यावर मात्र रेडिएटर उघडून धुवावा लागे. हळद बरोबर छिद्रच शोधते असे नाही. ती चांगल्या नळ्याही बुजवते.

एवढ्यावर भागले नाही की टोचन. टो-चेन या शब्दाचे हे मराठी रूप आता इतके रुळले आहे की साखळी नसली तरी टोचनच म्हणतात. घाटाच्या उतारावर ते जोखमीचे असते. मागच्या गाडीचे इंजिन बंद असल्याने तिच्या एअर ब्रेकला हवा मिळत नाही आणि साखळी फक्त ओढू शकते, अडवू शकत नाही. म्हणून जाणते लोक उतारावर साखळीऐवजी लोखंडी दांडा वापरतात. टोचन जिथे संपे, त्या घाटपायथ्याच्या गावांत मिस्त्र्यांची वस्ती वाढली. खोपोली, कसारा, चिपळूण, पोलादपूर या गावांत गॅरेज, वेल्डिंग, पाटेवाला आणि टायरवाला अशी रांगच लागलेली असे. टायर-पंक्चरच्या टपऱ्यांत पुढे मल्याळी माणसे मोठ्या संख्येने आली.

देवांचीही यात वाटणी आहे. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर होता आणि त्याबद्दल त्याचा जीव घेतला गेला, अशी कथा सांगतात. जाता-येता ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. कसाऱ्याच्या घाटात तोच मान इगतपुरीजवळच्या घाटनदेवीचा. नाणे टाकायला वेग कमी करावा लागतो, ही त्यातली व्यवहाराची बाजू.

गेल्या तीस वर्षांत हे सगळे वेगाने पालटले. मोबाइल फोन आला आणि चिठ्ठी गेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि त्यावर बंद पडलेली गाडी उचलायला क्रेन येऊ लागली. क्लीनर ठेवणे मालकाला परवडेनासे झाले, त्यामुळे आज पुष्कळ ट्रकांवर ड्रायव्हर एकटाच असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या निकषांनी इंजिने स्वच्छ झाली, पण त्यांचे डोके इलेक्ट्रॉनिक झाले. एखाद्या सेन्सरने चुकीचा इशारा दिला किंवा धूर शुद्ध करणारे युरियाचे द्रावण संपले, तर इंजिन आपण होऊन आपली ताकद कमी करते. अशा गाडीत सलग धार पाहून आवळायचा स्क्रू सापडला तरी उपयोग नाही. तिला संगणक जोडणारा माणूस लागतो आणि तो शहरात असतो. १९२० च्या दशकातल्या सर्व्हिस मोटारीची अवस्था अशी एका फेऱ्याने परत आली आहे. १ जून २०२२ रोजी एसटीने त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' ही विजेची बस सोडली. तिला डिझेल नाही, म्हणून एअर धरण्याचा प्रश्नही नाही.

एक रीत मात्र बैलगाडीपासून विजेच्या गाडीपर्यंत तशीच आहे. बंद पडलेल्या गाडीच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर झाडाची फांदी तोडून टाकतात आणि गाडीभोवती दगडांची रांग लावतात. गाडीत लाल परावर्तक त्रिकोण ठेवायचा नियम आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम दुसऱ्याला धोका होईल अशा रीतीने रस्त्यावर गाडी सोडायला मनाई करते. तरी घाटात त्रिकोणापेक्षा फांदीच जास्त दिसते. ती दिसली की मागचा ड्रायव्हर न विचारता गिअर बदलतो. गाडी दुरुस्त होऊन निघते तेव्हा फांदी बहुधा वाऱ्याने बाजूला होते. दगड तसेच राहतात, आणि पहाटेच्या धुक्यात पहिला दुचाकीवाला त्यांवर आदळतो. घाट राखणाऱ्या रस्ता कामगारांचे सकाळचे एक ठरलेले काम हे दगड कडेला लोटण्याचे असते.